नऊ इंच जागा

रंगनाथने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही. बाकी कुणाचंही पत्र येवो, विम्याच्या एजंटाचं, निफाडच्या मामाचं, नाहीतर वाचनालयाला पुस्तकं विकू पाहणाऱ्या दुकानदाराचं, तो संध्याकाळच्या आत उत्तर लिहायचा, पत्ता दोनदा तपासायचा आणि पेटीत टाकून मोकळा व्हायचा. ते एक तेवढं राहिलं. निळं इनलँड, वर देवळाली कॅम्पचा शिक्का, जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कॅम्पातून कॅम्पातच आलेलं पत्र. पायी आणून दिलं असतं तर वीस मिनिटं लागली असती.

पण ते पत्र येण्याआधी एक वर्ष गेलं होतं, आणि त्या वर्षाची सुरुवात कोंबड्यांपासून झाली होती.

कॅम्पातल्या बाजारामागे दोन खोल्यांचं एक वाचनालय होतं. रंगनाथ तिथे कारकून होता, म्हणजे पुस्तकं देणारा, घेणारा, चिकटवणारा आणि झाडणाराही. वय तेहेतीस. समोर कुणी उभं राहिलं की त्याची नजर आपोआप नोंदवहीत जायची. त्या थंडीतल्या सकाळीही गेली होती. म्हणून त्याला आधी दिसली ती दोन बोटं... टेबलावर टकटक करणारी, नखांत पिवळा कोंडा अडकलेली.

"भाऊसाहेब, कोंबड्यांचं पुस्तक आहे का?"

"कोंबड्यांचं... म्हणजे गोष्टीचं?"

"गोष्टीचं कशाला? त्यांच्या गोष्टी मी रोज घरी ऐकते." ती हसली. "पाळायच्या कशा, त्याचं पाहिजे."

आता त्याने मान वर केली. सावळी, उंच, पदर कमरेला खोचलेला. थंडीने नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती मालन — फौजेतून निवृत्त झालेल्या भिकन हवालदारांची थोरली मुलगी. हवालदारांनी सरकारी योजनेतून दोन महिन्यांच्या चोवीस पांढऱ्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या होत्या. त्या ठेवायच्या कुठे, एवढं योजनेत कुणी सांगितलं नव्हतं.

पुस्तक होतं, पण इंग्रजीत. मालनचं शिक्षण नववीपर्यंत. "मी वाचून सांगतो," रंगनाथ म्हणाला, आणि आपण असं काही म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याने तक्ता शोधला, बोट ठेवून वाचला. "एका पक्ष्याला एक चौरस फूट."

"म्हणजे सहा बाय चारचं खुराडं. चोवीस." तिचा हिशेब त्याच्या आधी झाला होता. "बरं झालं, भाऊसाहेब, तुम्ही भेटलात."

"एक... एक विनंती होती. भाऊसाहेब म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"नुसतं रंगनाथ."

"अगंबाई! नुसतं कसं म्हणायचं?" तिने डोळे बारीक केले. "सर म्हणते. चालेल?"

चालणार नव्हतं, पण भाऊपेक्षा बरं होतं.

त्यानंतर ती अधूनमधून येत राहिली. कधी पाण्याचं भांडं किती उंच असावं ते विचारायला, कधी नुसतीच. "आज काही विचारायचं नाही," असं म्हणून बाकावर बसायची, मासिकाची पानं उलटायची. त्या दिवशी रंगनाथच्या नोंदी हमखास चुकायच्या.

आषाढात मात्र ती आली ती कापडी पिशवी घेऊन. बाहेर देवळालीची संततधार, पदरावरून पाणी निथळतंय. तिने पिशवी सरळ टेबलावर ठेवली, नोंदवहीवर. आतून एक कोंबडी बाहेर आली. पाठीवर पीस नाही, शेपटीपाशी लालभडक जखम. वर्तमानपत्र वाचत बसलेले दोघे पेन्शनर उठून उभे राहिले.

"हे बघा, सर, तुमचं पुस्तक."

"काय झालं हिला?"

"बाकीच्यांनी टोचलं. पाऊस लागल्यापासून बाहेर सोडता येत नाही. आत पाय ठेवायला जागा नाही. एकीला रक्त दिसलं की सगळ्या तुटून पडतात. तिघी मेल्या." तिचा आवाज एवढा वेळ ताठ होता, तो इथे वाकला. "मी बरोबर एकेक फूट दिला हो. मोजून."

रंगनाथने पुस्तक काढलं. तोच तक्ता. मग त्याने पान उलटलं — जे जानेवारीत उलटलं नव्हतं. पहिला तक्ता वाढत्या पिल्लांचा होता. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला चार फूट. पहिल्या तक्त्याच्या मथळ्यातच 'पिल्लांसाठी' असं लिहिलं होतं. पुस्तकांवर जगणारा माणूस, आणि त्याने मथळा वाचला नव्हता. कारण तेव्हा तो तक्त्यापेक्षा तिच्या बोटांकडेच जास्त बघत होता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "पूर्ण माझं. चार फूट पाहिजे होते."

तिने त्याच्याकडे बघितलं. आता ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"रविवारी काय करता?" तिने विचारलं.

"वाचतो."

"या रविवारी करवत धरायची. चूक तुमची आहे ना? मग घाम पण तुमचाच."

भिकन हवालदारांचं घर नाल्याच्या वरच्या अंगाला, बौद्ध वस्तीत होतं. दारात तथागतांची तसबीर, मागे परसात ते पापी खुराडं. हवालदार खाटेवर बसून बिडी ओढत होते.

"या मास्तर! आज आकडा बरोबर आणलाय ना? का अजून एक पान शिल्लक हाय?"

"आबा!" मालन आतून ओरडली.

"मस्करी केली गं. मानूस लय लाजतोय म्हून."

लष्करी लिलावातली रिकामी लाकडी खोकी हवालदारांनी जमवली होती. त्यांच्या फळ्या, वर जुने पत्रे, पुढे तारेची जाळी. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, असे रविवारमागून रविवार गेले. रंगनाथला खिळा सरळ मारता येत नसे. मालन वाकडे खिळे उपटायची, दगडावर ठोकून सरळ करायची आणि परत त्याच्या हातात द्यायची. "घ्या. हा पुन्हा वाकडा मारा." धाकटी सुला, नववीतली, पायरीवर बसून हसायची.

बारा बाय आठची शेड उभी राहिली. खाली भाताच्या तुसाचा जाड थर. एकवीस कोंबड्या आत सोडल्या, तेव्हा आधी त्या एका कोपऱ्यात गोळा होऊन उभ्याच राहिल्या. एवढी जागा आपली आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना. मग एकीने पंख पसरले... दुसरीने तूस उकरलं... थोड्या वेळाने सगळी शेड फडफडू लागली.

एक मात्र मान आत ओढून जागच्या जागी उभी.

"ही बघा," मालन म्हणाली. "हिचं नाव मी सर ठेवलंय."

"का?"

"बाकीच्या दाणे दिसले की धावतात. ही आधी विचार करते. विचार संपेपर्यंत दाणे संपतात."

रंगनाथ हसला. त्याला ते झोंबलंही, आणि इतकं आवडलंही, की त्याला दोन्हींतला फरक कळला नाही.

शेवटचं काम दांड्यांचं होतं. दिवस मावळताना कोंबड्या दांडीवर चढून बसतात. खाली निजत नाहीत. आठ-आठ फुटांच्या दोन दांड्या. पहिल्याच संध्याकाळी सगळ्या वर चढल्या आणि अंगाला अंग लावून बसल्या. दांडीवर दोन्हीकडे मोकळी जागा पडून होती.

"एवढी जागा दिली," रंगनाथ म्हणाला, "तरी या चिकटून का बसल्या?"

"दिवसा भांडायला जागा लागते, सर. निजायला सोबत लागते." मग तिने विचारलं, "तुमच्या पुस्तकात दांडीवर किती दिलीय?"

"एकीला नऊ इंच."

"नऊ इंच म्हणजे... एक वीत." तिने दांडीच्या मोकळ्या टोकावर वीत पसरली. "एवढीच?"

"माझी वीत मोठी असेल," असं म्हणून त्याने तिच्याशेजारी आपली वीत ठेवली. तिची करंगळी त्याच्या अंगठ्याला टेकली. ती कुणी हलवली नाही. शेवटी एक कोंबडी रागाने कुरकुरली, तेव्हा दोघं दचकून बाजूला झाली.

"आकडा बरोबर आहे," मालन हळूच म्हणाली.

घरी जाताना रंगनाथ रस्ता चुकला. बाजारापासूनच्या त्या रस्त्याने तो सात वर्षं घरी जात होता.

डिसेंबरात त्याची धाकटी बहीण चंद्रभागा टायफॉइडमधून उठली. डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितली. हे मालनला कळलं आणि एका संध्याकाळी ती तुसात खोचलेली अंडी डब्यातून घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. रंगनाथचं बिऱ्हाड म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. आई कुसाबाई, दोन बहिणी, एक भाऊ आणि तो. दोरीवर ओले कपडे, भिंतीशी वळकट्या, चुलीचा धूर. त्याने एक वळकटी उगाच इकडून तिकडे केली.

"कोन गं तू? आडनाव काय म्हनली?" आईने विचारलं. मालनने सांगितलं. आईने अंडी मोजून ठेवून घेतली, चहाही केला. मालनने तो दाराशीच बसून घेतला, चंद्रभागाशी दोन शब्द बोलली आणि निघाली. जाताना तिने सगळ्या खोलीवर एकदा नजर फिरवली. ती नजर रंगनाथने पाहिली, आणि दुसरं काही त्याला दिसेनासं झालं.

जानेवारीत ते निळं इनलँड आलं.

"सरांस नमस्कार. समोर बोलले असते, पण तुम्ही नोंदवहीत बघाल. रविवारी मला बघायला मनमाडहून पाहुणे येणार आहेत. आबांनी मला विचारलं, तुझ्या मनात कुणी आहे का. मी म्हणाले, शनिवारी सांगते. तुमचं घर मी पाहिलं आहे. जागा कमी आहे, हे सांगू नका, ते मला दिसलं. दिवसा मी बाहेर काम करीन. बाकी मला नऊ इंच पुरतात. दुसरं काही असलं, तर तेही मी पाहिलं आहे, आणि तरी लिहिते आहे. शनिवारपर्यंत कळवा. — मालन."

रंगनाथने ते इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. त्याचं उत्तर तर पहिल्याच वाचनात तयार होतं. एका अक्षराचं.

आणि मग त्याने काय करावं? टेप काढली आणि खोली मोजली. दहा गुणिले बारा, एकशे वीस. त्यातून चूल वजा, मोरी वजा, ट्रंका वजा. उरलेल्याला पाचांनी भागलं, मग सहांनी. ज्या बाईने कोंबडीला एकाचे चार फूट करून दिले, तिला आपण कोंडणार कुठे? एकदा चुकलेला माणूस पुन्हा आकडा सांगायला धजत नाही. त्याने कागद घेतला. "मला आनंद झाला, परंतु..." फाडला. "बहिणींची लग्नं झाल्यावर जर..." फाडला. गुरुवार गेला. शुक्रवारी त्याने एक चांगला मसुदा केला. तो वाचताना त्यात 'जर' फार झालेत असं वाटून तोही फाडला. शनिवारी वाचनालय बंद करून तो नाल्यापर्यंत चालत गेला. वरून कोंबड्यांचा आवाज येत होता. तो थोडा वेळ उभा राहिला... आणि परत आला. सोमवारी पाहू, असं त्याने स्वतःला सांगितलं. जणू पाहुणे सोमवारपर्यंत दारातच थांबणार होते.

फाल्गुनात मालनचं लग्न झालं. बाजारात कुणीतरी बोलताना त्याला कळलं. मनमाडचा मुलगा, रेल्वेच्या वर्कशॉपात, क्वार्टर आहे. क्वार्टर म्हणजे निदान दोन खोल्या असतील, असा त्याच्या मनाने लगेच हिशेब केला आणि त्यालाच त्या मनाची लाज वाटली.

वर्षं जातात तशी गेली. बहिणींची लग्नं झाली, भाऊ पुण्याला गेला. रंगनाथला नाशकातल्या एका मोठ्या वाचनालयात नोकरी मिळाली. त्याने इंदिरानगरात घर घेतलं. आईने तिथे दोन वर्षं काढली आणि एका पहाटे ती गेली. रंगनाथने लग्न केलं नाही. विचारणाऱ्याला तो सांगायचा, "आता काय, वय झालं." चारशे फुटांच्या घरात तो एकटा राहत होता. घरातल्या एका खोलीत तो आठवडा-आठवडा जात नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात वाचनालयाच्या टेबलाशी एक बाई सभासदत्वाचा अर्ज घेऊन उभी राहिली. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, चष्मा, खांद्याला पर्स.

"ओळखलं नाही ना? मी सुला. तुमचे वाकडे खिळे मोजायचे मी."

रंगनाथचं पेन हातातच राहिलं. त्याने विचारलं, "ताई... बरी आहे?"

"मजेत आहे. दोन मुलं. क्वार्टरच्या मागे अजून कोंबड्या आहेत. आबा गेले, पण जाईपर्यंत तुमची मस्करी करायचे. आणि आमचे दाजी! कोंबड्यांच्या प्रत्येक नव्या खेपेत एकीचं नाव सर असतं, त्याचा अर्थ ताईने त्यांना सांगून टाकलाय. ते म्हणतात, तुझा सर आज पण उपाशी राहिला बघ."

रंगनाथला हसू आलं. डोळेही भरले, म्हणून तो अर्ज वाचू लागला.

"सर, रागावू नका. ताईने तुम्हाला कधी दोष दिला नाही," सुला म्हणाली. "ती म्हणाली, ज्या घरात आपला कप मोरीच्या भिंतीवर वेगळा ठेवतात, तिथून उत्तर कसं येणार? माणूस चांगला आहे, पण घराबाहेर कसा येईल?"

"कुठला कप?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही? ती अंडी घेऊन आली होती तेव्हा... तुमच्या आईने तिचा कप तिच्यासमोर राखेने घासला आणि वेगळा ठेवला. अंडी मात्र आत घेतली. ताई हसत सांगायची ते. पण पत्र टाकल्यावर शनिवारपर्यंत ती फाटकाशी पोस्टमनची वाट बघत होती, तेव्हा हसत नव्हती."

"सुलाताई, मी... त्या कारणाने नाही हो! खोली लहान होती. मला वाटलं—"

"मग तसं तरी कळवायचं, सर." तिचा आवाज चढला नाही. "काहीच कळवलं नाही की माणूस त्यात काय भरतो? जे आयुष्यभर पाहिलं तेच भरतो."

तिने कागदाच्या चिटोऱ्यावर मनमाडचा पत्ता लिहून दिला. "निरोप असेल तर मी सांगते."

"नको," रंगनाथ म्हणाला. "मी लिहितो."

घरी येऊन तो बसून राहिला. मला माहीत नव्हतं, हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. छान वाटलं, आणि म्हणूनच त्याला शंका आली. त्या संध्याकाळी तो मोरीवर हात धुवायला गेला होता. भिंतीवर कान तुटलेला एक कप होता. तो इथे का, असं मनात आलं होतं. आलंच होतं. आणि आईला विचारायला लागू नये म्हणून त्याने लगेच खोली लहान असल्याचं दुःख करायला घेतलं होतं. एकशे वीस फूट, हा आकडा मोजायला सोपा होता. 'दुसरं काही असलं, तर तेही मी पाहिलं आहे', हे तिने स्वच्छ लिहिलं होतं. चौदा वर्षं तो ती ओळ ओलांडून पुढच्या ओळीवर जात राहिला होता.

त्याने साधं पोस्टकार्ड घेतलं. कुणीही वाचावं — तिच्या नवऱ्याने, मुलांनी, पोस्टमनने. मसुदा केला नाही.

"सौ. मालनबाई यांस नमस्कार. तुमच्या पत्राचं उत्तर 'हो' होतं. ते त्या शनिवारी मी दिलं नाही. खोली लहान आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. आईने तुमचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिला होता आणि तिला विचारलं नाही. मी भ्यालो, एवढंच त्याचं कारण. तुमच्यात कधीच काही कमी नव्हतं, हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुम्ही सुखात आहात हे सुलाताईंकडून कळलं, बरं वाटलं. या कार्डाचं उत्तर नको. — रंगनाथ."

पुन्हा वाचलं तर आपण फाडू, हे त्याला ठाऊक होतं. तो चपला घालून तसाच निघाला.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी पोस्टाचा माणूस कुलूप उघडून टपाल पिशवीत भरत होता. रंगनाथ धापा टाकत पोचला. कार्ड हातात धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला... पोस्टाच्या माणसाने वर न बघताच हात पुढे केला. रंगनाथने कार्ड त्या हातात दिलं.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

माणसाने पत्त्यावर नजर टाकली आणि कार्ड पिशवीत सोडलं.

"उद्या पोचेल, काका. मनमाड काय लांब आहे?"